नाशिकहून गाडीने लडाखला : वाटेतले थांबे, मुक्काम आणि सुरक्षित प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक ते लेह हे अंतर, ज्या वाटेने जाल त्याप्रमाणे, एका बाजूने सव्वादोन ते अडीच हजार किलोमीटर पडतं. त्यातला मोठा भाग सपाटीचा आहे आणि तिथे खरा धोका झोपेचा असतो. शेवटच्या चारशे-पाचशे किलोमीटरांत धोका विरळ हवेचा होतो. सपाटीवर थांबा तासांवर ठरवायचा आणि डोंगरात मुक्काम उंचीवर. किलोमीटर मोजून आखलेला बेत या दोन्ही ठिकाणी फसतो. खालच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हाच हिशोब आहे.

जाताना श्रीनगरहून जावं की मनालीहून?

जाताना श्रीनगर, येताना मनाली. दोन्ही रस्ते खुले असतील आणि काश्मीरमधली परिस्थिती ठीक असेल, तर आमचं उत्तर दरवेळी हेच असतं. कारण उंची. श्रीनगर सुमारे १६०० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या शिखराइतकं. पुढचा मुक्काम सोनमर्ग २७०० मीटर, त्यापुढे कारगिल तेवढ्याच उंचीवर आणि मग लेह ३५०० मीटर. वाटेत झोजी ला ३५२८ मीटर आणि फोटू ला ४१०८ मीटर या खिंडी लागतात, पण त्या चढून लगेच खाली उतरता येतं. रात्री झोपण्याची उंची पायरी-पायरीने वाढत जाते.

मनालीकडून गेलं तर अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरल्यावर केलाँग किंवा जिस्पा हे ३१००-३२०० मीटरवरचे शेवटचे बरे मुक्काम. त्यापुढे बारालाचा ला सुमारे ४८९० मीटर, नकी ला, लाचुंग ला आणि टांगलांग ला ५३२८ मीटर. या खिंडींच्या मध्ये असलेलं सरचू ४२९० मीटरवर आणि पांग ४६०० मीटरच्या आसपास. पांगला कुणाची तब्येत बिघडली तर उतरायचं कुठे? मागे लाचुंग ला, पुढे टांगलांग ला. खाली जायला आधी वर चढावं लागतं. परतीच्या वाटेवर तुमचं शरीर लेहच्या हवेला सरावलेलं असतं, त्यामुळे हाच रस्ता तेव्हा सुखाचा होतो.

मे महिन्याच्या सुट्टीत जाता येईल का?

शाळेची सुट्टी मेमध्ये असते म्हणून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मेमध्ये मनाली-लेह रस्ता नुकताच खुला झालेला असतो किंवा अजून बंद असतो. बर्फ कापून एकच गल्ली काढलेली असते, ढाब्यांचे तंबू लागलेले नसतात. मेमध्येच जायचं असेल तर श्रीनगरमार्गे जाऊन श्रीनगरमार्गेच परत या. जुलै-ऑगस्टमध्ये लडाख कोरडं असलं तरी मंडी-कुल्लूच्या पट्ट्यात पाऊस असतो आणि दरडी कोसळतात. आम्हाला विचाराल तर सप्टेंबर. ज्या वर्षी गणपती लवकर असतात त्या वर्षी विसर्जन आटोपून निघावं. आकाश स्वच्छ, नाल्यांना पाणी कमी, गर्दी ओसरलेली. ऑक्टोबर लागला की वरचे तंबू गुंडाळायला सुरुवात होते.

सपाटीवर एका दिवसात किती अंतर तोडावं?

किलोमीटर विचारू नका, तास विचारा. एका चालकाने दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त स्टिअरिंग धरू नये. पगारी चालकांसाठी १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातही दिवसाला आठ तासांचीच मर्यादा होती. ती माणसाच्या थकव्यावरून आलेली आहे, स्वतःची गाडी आहे म्हणून थकवा बदलत नाही.

पहाटे पाचला आडगाव नाका सोडला, पिंपळगाव, चांदवड, राहुड घाट, मालेगाव करत धुळे गाठलं की साधारण दीडशे किलोमीटर होतात. पहिला मोठा थांबा तिथे. मग शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा आणि दुपारपर्यंत इंदूर. एकूण चारशेच्या थोडं वर. पहिल्या दिवशी इथेच थांबावं. पुष्कळ जण उत्साहात रात्रीतच कोटा गाठायला बघतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्टिअरिंगवर पेंगतात. दुसरा मुक्काम कोटा किंवा जयपूर, तिसरा अंबाल्याच्या आसपास, चौथा जम्मू, पाचवा श्रीनगर.

दर दोन तासांनी पंधरा मिनिटं उतरायचंच. गाडीत बसून चहा पिणं म्हणजे थांबा नाही. पाय मोकळे करा, चारही टायरांवर नजर टाका, पाणी प्या. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआप झोपेकडे ओढतं. रात्रीचा प्रवास टाळा, आणि दुपारचं जेवण हलकं ठेवा.

झोप येतेय हे चालकाला कळतं ना? मग एवढी काळजी कशाला?

कळतं, पण उशिरा. मागचा एक-दोन किलोमीटरचा रस्ता आठवत नाही, गाडी पट्टीवर घासत जाते, गिअर टाकायला वेळ लागतो, काच खाली करून गाणी मोठ्याने लावावीशी वाटतात. यातलं एकही झालं की पुढच्या थांब्यावर गाडी घ्या. काच आणि गाणी दहा मिनिटांच्या वर उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडते ती झोप. एक कप कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटायचे. कॉफीचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा एकदम मिळतो.

एक्सप्रेसवेच्या कडेला पाच मिनिटं थांबलं तर चालेल?

नाही. दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेवर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. त्या वेगात मागून येणारी गाडी सेकंदाला तेहतीस मीटर पुढे येते, आणि तिच्या पेंगुळलेल्या चालकाला तुमचे मागचे दिवे चालत्या गाडीचे वाटतात. थांबायचं ते सुविधा केंद्रावरच. दोन केंद्रांमधलं अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास धरा आणि पाटी दिसली की पुढच्या पन्नासांत कुणाला लघवीला लागेल का, हे आत्ताच विचारा. या मार्गावर दुचाकींना बंदी आहे, बाइकवाल्यांनी जुना महामार्गच धरावा.

गाडी बंदच पडली तर धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना वाहतूक नसलेल्या बाजूच्या दारांनी उतरवा आणि लोखंडी कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत किंवा गाडीमागे कुणीही थांबायचं नाही. त्रिकोण निदान पन्नास मीटर मागे ठेवा. मग १०३३ वर फोन करा, ही राष्ट्रीय महामार्गांची मदतवाहिनी आहे. पोलीस आणि रुग्णवाहिकेसाठी ११२.

स्वच्छतागृहांचं काय? सोबत बायका-मुलं आहेत.

महामार्गावरच्या पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा फुकट देणं पंपचालकावर बंधनकारक आहे, पेट्रोल भरलं नसलं तरी. कंपनीच्या स्वतःच्या मोठ्या पंपांवर ती बहुधा बरी असतात. कुलूप असेल तर किल्ली मागा, संकोच करू नका. डोंगरात मात्र केलाँगपुढे आणि द्रासपुढे सोय तुटपुंजी आहे. लडाखमध्ये ठिकठिकाणी मातीचं कोरडं शौचालय असतं, त्यात पाणी ओतायचं नसतं. काम झालं की बाजूच्या ढिगातली माती फावड्याने टाकायची. कागद, साबण आणि टॉर्च सोबत ठेवा. सॅनिटरी पॅड तिथे टाकू नका, पिशवीत बांधून गावापर्यंत आणा.

एक महत्त्वाची गोष्ट : शौचाला जावं लागू नये म्हणून बायका पाणी पिणं कमी करतात. उंचीवर हे महागात पडतं. दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे.

रात्री गाडीतच झोपलं तर?

सपाटीवर, उजेडात, पंपाच्या किंवा सुविधा केंद्राच्या आवारात, इंजिन बंद करून, काच दोन बोटं उघडी ठेवून चालेल. थंडीत हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपणं जिवावर बेततं. बर्फाने किंवा चिखलाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीखाली साठतो आणि फटींतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. तंबूत किंवा खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपण्यालाही हेच लागू आहे. ढाबेवाल्याने मायेने शेगडी आत आणून दिली, तर हात शेकून घ्या आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर काढून ठेवा.

टांडीच्या पाटीवर "पुढचा पंप ३६५ किलोमीटर" लिहिलंय. कॅन न्यावा लागेल का?

हिशोब करून पाहा. टांडी केलाँगच्या थोडं अलीकडे आहे. तिथे टाकी काठोकाठ भरायची. पुढे लेहच्या अलीकडे कारूला पंप आहे. चढ, पहिला-दुसरा गिअर आणि विरळ हवा यांमुळे गाडीचं नेहमीचं ॲव्हरेज साठ टक्के धरा. नाशिकात १६ देणारी गाडी तिथे १० देईल. ४० लिटरची टाकी म्हणजे चारशे किलोमीटर, कॅनची गरज नाही. १३ लिटर टाकीची, इथे ३५ देणारी बाइक तिथे २१ ते २५ देईल. ती ३०० च्या आसपास अडकते, तिला पाच लिटर जादा हवंच. तेही लोखंडी जेरी कॅनमध्ये, बाहेर बांधून. काठोकाठ भरू नका, उंचीवर आतली वाफ फुगते. झाकण उघडताना हळूहळू सोडा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल कधीही नाही.

सीएनजीवाल्यांनी डोंगराचा पूर्ण प्रवास पेट्रोलवरच धरावा. निघण्यापूर्वी आठवडाभर गाडी फक्त पेट्रोलवर चालवून पाहा. वर्षभर सीएनजीवरच पळणाऱ्या गाडीचे इंजेक्टर आणि पंप ऐन वेळी दगा देतात.

सरचू किंवा पांगला तंबूत राहायला मजा येते म्हणतात. राहावं का?

जाताना नाही. जेवा, चहा घ्या, पण झोपू नका. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांत एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम आहे. मनालीहून थेट सरचूला झोपणारा दोन हजार मीटरहून अधिक उंची एका दिवसात वाढवतो. मनालीकडूनच जायची वेळ आली तर मनालीत एक दिवस, जिस्पाला दोन रात्री आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चार-पाचला निघून त्याच दिवशी लेह. दिवस लांबचा होतो, दोन चालक हवेत. पण रात्र ३५०० मीटरवर जाते.

विरळ हवेचा त्रास नेमका कसा ओळखायचा?

लेहला हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास मिळतो, टांगलांग ला वर जेमतेम निम्मा. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर, झोप न लागणं हा पहिला टप्पा. इथे आणखी वर जायचं नाही. विश्रांती, पाणी, गरम जेवण. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. चोवीस तासांत उतार पडला नाही तर खाली उतरा.

दुसरा टप्पा म्हणजे आणीबाणी, आणि तो दोन रूपांत येतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा गप्प होतो. त्याला जमिनीवरच्या सरळ रेषेत एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर मेंदूला सूज येत असल्याचं धरा. दुसरं रूप फुप्फुसांचं : स्वस्थ बसलेला असतानाही धाप, सतत खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, निळसर ओठ. दोन्हीत सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी खाली न्या. पांगला लष्कराचा तळ आहे, लेहला सोनम नोरबू स्मारक रुग्णालय. जवळ असेल तिथे आधी पोहोचा.

प्रतिबंधासाठी ॲसिटाझोलामाइड गोळी असते, ती चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर विशेष काळजी लागते. म्हणून नाशिकातच आपल्या डॉक्टरांना विचारा, मेडिकलवाल्याला नाही. आजी-आजोबांना हृदयविकार किंवा बेभरवशाचा रक्तदाब असेल तर त्यांना नेण्याचा निर्णयही डॉक्टरांचाच. लहान मुलाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. ते किरकिर करतं, खेळणं टाकतं, खात नाही. उंचीवर असं झालं तर दुसरं कारण सापडेपर्यंत उंचीचाच त्रास समजा.

ऑक्सिजनचा फवाऱ्यासारखा डबा नेला की पुरेसं आहे ना?

तो काही मिनिटांत संपतो. त्याने माणसाला थोडं बरं वाटतं आणि गाडी आणखी वर जाते, हाच त्याचा तोटा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जास्त उपयोगाचा, पण बोट गार असेल तर आकडा खोटा येतो. आधी तळहात चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, मग वाचा. पहिल्या दिवशी लेहला ८५ ते ९० दिसलं आणि माणूस ठणठणीत असेल तर घाबरायचं कारण नाही. आकडा चांगला पण माणूस बेजार, तर माणसावर विश्वास ठेवा.

रस्त्यावरून वाहणारे नाले कसे पार करायचे?

सकाळी. बारालाचा ला च्या अलीकडे, झिंगझिंगबारच्या आसपास आणि पुढेही बर्फ वितळून आलेलं पाणी थेट रस्त्यावरून जातं. रात्री गारठ्याने वितळणं थांबतं, म्हणून पहाटे घोट्याइतकं असलेलं पाणी दुपारी तीनला गुडघ्यावर येतं. नाल्याशी आलात की थांबा, समोरची एक गाडी जाऊ द्या आणि तिची चाकं कुठे बुडतात ते पाहा. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये क्लच दाबायचा नाही आणि गिअर बदलायचा नाही. पाणी बंपरच्या खालच्या कडेपर्यंत असेल तर जाऊ नका. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पूर्ण इंजिन जातं. ओढून बाहेर काढा. पलीकडे गेल्यावर हलका ब्रेक दाबत शंभर मीटर जा, म्हणजे पॅड सुकतात.

आम्ही कसारा घाट आणि सप्तशृंगीचा रस्ता नेहमी चालवतो. तेवढा सराव पुरेल?

वळणांचा सराव आहे, लांबीचा नाही. सप्तशृंगीचा उतार काही मिनिटांत संपतो, तिकडे उतार तास-तासभर चालतो. ज्या गिअरमध्ये चढायला लागलं असतं त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, ठामपणे दाबून सोडायचा. जळका वास आला, पेडल मऊ लागलं, की जागा बघून थांबा आणि अर्धा तास गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं तर अजिबात नाही, ब्रेकची आणि स्टिअरिंगची ताकद जाते.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा २०१७च्या मोटार वाहन चालन नियमांमधला नियम आहे. लष्कराचा ताफा आला तर कडेला थांबून पूर्ण जाऊ द्या, मध्ये घुसू नका. दरडींच्या पाट्या असतील तिथे फोटोसाठीही थांबू नका. झोजी ला वर वाहतूक वेळा ठरवून सोडतात, त्या बदलत राहतात. आदल्या संध्याकाळी सोनमर्गच्या पोलीस चौकीत विचारून ठेवा.

उंचीवर टायरची हवा कमी करावी का?

सहसा नको. नाशिकात ३० अंश तापमानाला ३३ भरलेला टायर टांगलांग ला वर शून्य अंशाला ३४-३५ दाखवतो. थंडीने आतला दाब उतरतो, पण बाहेरचा दाबही जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो, त्यामुळे दोन्हींची भरपाई होते. सकाळी गार टायरवरच मोजा. हवेपेक्षा टायरचं वय बघा : बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटलेला टायर नक्षी शाबूत दिसली तरी या प्रवासाला नेऊ नका. स्टेपनीचंही तेच. जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद जाड फळी घ्या, नाहीतर तो मातीत रुततो.

गॅरेजवाल्याला नेमकं काय सांगायचं?

पहिलं, रेडिएटर. उन्हाळ्यात आपल्याकडे साधं पाणी भरत भरत कूलंट पातळ झालेलं असतं. ते पूर्ण काढून निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध केलेलं पाणी भरा. हे मिश्रण उणे ३५ च्या आसपासपर्यंत गोठत नाही. साधं पाणी रात्रीत गोठून रेडिएटर फोडतं. वायपरच्या टाकीतही थंडीतलं द्रावण घाला.

दुसरं, बॅटरी. तीन वर्षांच्या वरची असेल तर चाचणी करून घ्या. जम्पर केबल सोबत ठेवा. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या उण्याला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडू नये म्हणून.

तिसरं, बीएस-६ डिझेल गाड्या. धुराच्या फिल्टरमधली काजळी जळायला सलग वेगाचा प्रवास लागतो. डोंगरात तो मिळत नाही, म्हणून जम्मूपूर्वीच्या महामार्गावर ही सफाई पूर्ण होऊ द्या. दिवा लागलेला असेल तर तसंच वर जाऊ नका. युरियाचं द्रावण लागणाऱ्या गाड्यांनी टाकी भरून घ्या. ते उणे ११ अंशाला गोठतं.

ब्रेक ऑइल, पॅड, फॅन बेल्ट आणि एअर फिल्टर तर पाहायचेच. काळा धूर आणि ताकद कमी झाली म्हणून वाटेत कुणाकडून इंजिनमध्ये फेरबदल करून घेऊ नका. ताकद हवेमुळे कमी झालेली असते, उतरल्यावर परत येते.

हिवाळ्यात बर्फ बघायला जायचंय.

मग बेत मनाली-लाहौल किंवा सोनमर्गपुरता ठेवा. सपाटीवर भरलेल्या डिझेलमध्ये कडक थंडीत मेणाचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं ते यासाठीच. बर्फात टायरला लावायच्या साखळ्या किंवा चारही चाकांना ताकद देणारी गाडी असल्याशिवाय पोलीस पुढे सोडत नाहीत. साखळी इंजिनची ताकद जाते त्या चाकांना लावायची, बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. नाशिकातच अंगणात दोनदा लावून बघा. साखळी चाकावर पसरा, आतला हूक आधी अडकवा, मग बाहेरचा, गाडी अर्धं चाक पुढे घ्या आणि पुन्हा आवळा. शंभर मीटरवर थांबून परत आवळा. वेग तीसच्या आत. रात्री हँडब्रेक लावून ठेवू नका, तो गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.

मोबाइल आणि कागदपत्रं?

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. केलाँग ते लेह बहुतेक वाटेवर सिग्नल नाही. नकाशे आधीच उतरवून ठेवा आणि घरी सांगा की अमुक दिवशी फोन लागणार नाही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी यांच्या छापील प्रती ठेवा. डिजिलॉकर मान्य असतं, पण सिग्नलशिवाय उघडत नाही. अटल बोगद्यातून जायला परवाना लागत नाही, रोहतांग खिंडीतून जायचं असेल तर लागतो. बाहेरून भाड्याने आणलेल्या बाइक आणि टॅक्सींना लेहच्या स्थानिक फेरफटक्याला तिथल्या संघटना हरकत घेतात. स्वतःच्या नावावरची गाडी असेल तर अडचण येत नाही.

परत आल्यावर गाडीचं काय?

आठवडाभरात खालून पाण्याच्या जोराने धुऊन घ्या. चाकांच्या आत वाळलेला चिखल राहिला तर ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंगला पैसे घालतात. एअर फिल्टर बदला, ब्रेक पॅडची जाडी मोजून घ्या, नाले ओलांडले असतील तर चाकांच्या बेअरिंगचा आवाज ऐका. गिअरबॉक्सच्या ऑइलला दुधाळ रंग आला असेल तर आत पाणी शिरलंय, ते त्याच दिवशी बदला.